ड्रम गप्प का झाला : सांगलीतल्या हळद पॉलिशचं एक प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की आसपासच्या पॉलिश युनिटांना उसंत नसते. शेतकऱ्याने शिजवून वाळवलेलं हळकुंड वरून काळपट आणि खवलेदार असतं, मुळांचे तूसही त्याला चिकटलेले असतात. ते जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये भरायचं आणि ड्रम फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासली जातात, वरची साल भुकटी होऊन खाली पडते आणि आतला पिवळा उघडा होतो. व्यापारी सौद्यात मूठभर माल हातात घेऊन आधी हाच उजाळा बघतो. हळदीची जात राजापुरी असो की शेलम, पॉलिश उतरलं नसेल तर भाव तिथेच पडतो.

कुपवाडच्या बाजूच्या अशाच एका युनिटमध्ये घडलेली ही गोष्ट. नाव कुणाचंच घेत नाही, कारण यातला प्रत्येक माणूस आपापल्या जागी हुशार होता. भानगड झाली ती त्यांच्या मधल्या जागेत.

मला बोलावलं ते या तक्रारीसाठी. मागच्या हंगामात बसवलेला नवा ड्रम तेव्हा झकास चालला. पावसाळाभर युनिट बंद होतं. यंदा सुरू केल्यावर पहिल्याच घाण्यापासून माल मळकट निघू लागला. वेळ वाढवून पाहिला, घाणा लहान करून पाहिला, काही उपयोग झाला नाही. मालकांना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. ते म्हणाले, "मोटार पहिल्यापेक्षा हलकी चालतीय साहेब. अँपिअर कमी घेतीय. ड्रमही जोरात फिरतोय. मग माल का उजळेना?"

ड्रमवर वर्षानुवर्षं काम केलेले एक काका शेजारीच उभे होते. त्यांनी त्याहून कामाची गोष्ट सांगितली. "आवाज येत नाही बगा आतनं. हळद पडायचा खळखळाट असतो, तो गेलाय. ड्रम गप्प झालाय."

जोरात फिरणारा ड्रम, हलकी चालणारी मोटार आणि गेलेला आवाज, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की अर्धं निदान झाल्यासारखंच होतं. पण ते मांडण्याआधी यंत्र काय होतं ते सांगायला हवं.

यंत्राचे आकडे

ड्रमचा व्यास १.२ मीटर, म्हणजे त्रिज्या ०.६ मीटर. लांबी दीड मीटर. एका घाण्याला साधारण दीडशे किलो हळद. मोटार ५ हॉर्सपॉवरची, म्हणजे ३.७ किलोवॉटची, चार पोलची, प्लेटवर १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेलं. तिच्यापुढे २० ला १ चा गिअरबॉक्स, तिथून चेन. गिअरबॉक्सवरचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १७ दातांचा, ड्रमवरचा ३० दातांचा. हिशोब सरळ आहे : १४४० ÷ २० = ७२ आणि ७२ × १७ ÷ ३० = ४०.८. मोटार पुऱ्या ५० हर्ट्झवर चालली तर ड्रम मिनिटाला सुमारे ४१ फेरे घेणार. त्याहून कमी वेग हवा तर व्हीएफडीने, म्हणजे मोटारीच्या विजेची वारंवारता बदलणाऱ्या ड्राइव्हने, हर्ट्झ कमी करायचे.

ड्रमला एवढ्या वेगाची गरज नव्हती, कधीच नव्हती. गिअरबॉक्स तयार मिळाला, स्प्रॉकेट जुन्या मशिनचे होते, ते जुळवून घेतले. आपल्याकडे बहुतेक मशिनं अशीच उभी राहतात आणि त्यात गैर काही नाही. पण नको असलेला वेग यंत्रात शिल्लक राहिला की तो कधीतरी वापरला जातोच, हे त्या वेळी कुणी लक्षात घेतलं नाही.

आता डिझाइनचा कागद. तो एका तरुण इंजिनिअर मुलीने केला होता आणि मी पाहिलेल्या अशा कागदांपैकी तो बराच नीट होता. तिने बॉल मिलचा, म्हणजे गोळ्यांनी माल दळणाऱ्या फिरत्या ड्रमचा, विचार घेतला होता. फिरत्या ड्रममध्ये माल भिंतीबरोबर वर चढतो आणि एका उंचीवरून खाली कोसळतो. वेग वाढवत नेला की एक क्षण असा येतो की माल कोसळतच नाही, भिंतीला चिकटून पूर्ण फेरा मारतो. पाण्याने भरलेली बादली जोरात गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तसंच हे. त्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. गणित असं : वरच्या टोकाला ओमेगाचा (कोनीय वेगाचा) वर्ग गुणिले त्रिज्या हे ९.८१ एवढं भरलं की वजनाला मालाला खाली ओढता येत नाही. म्हणून ओमेगा = √(९.८१ ÷ ०.६) = ४.०४. बॉल मिल सहसा क्रिटिकलच्या ६५ ते ८० टक्क्यांवर चालवतात. तिने ७० टक्के धरले आणि कागदाच्या तळाशी लिहिलं : ड्रमचा कोनीय वेग २.८३.

एवढंच. एकक लिहिलेलं नव्हतं. √(ग्रॅव्हिटी ÷ त्रिज्या) काढली की उत्तर रेडियन प्रति सेकंद येतं (रेडियन हे कोनाचं माप, एका फेऱ्यात ६.२८), हे तिच्या दृष्टीने सांगण्यासारखंही नव्हतं.

काकांच्या डोक्यात मात्र दुसराच आकडा होता. पट्टा-पुलीवरच्या जुन्या ड्रमपासून तो चालत आलेला : सत्तावीस. मिनिटाला सत्तावीस फेरे. कुणी कधी काढला, माहीत नाही, पण हळद त्यावर उजळते हे पक्कं.

आता हे दोन आकडे ताडून पाहू. रेडियन प्रति सेकंदाचे मिनिटाचे फेरे करायला ९.५५ ने गुणायचं. २.८३ × ९.५५ = २७.०. म्हणजे पुस्तकातून आलेला वेग आणि अनुभवातून आलेला वेग दशांशापर्यंत एकच होता. इंजिनिअरही बरोबर होती, काकाही बरोबर होते.

सत्तावीस कुठे शिरला

पॅनेल तयार करणाऱ्या मुलाने पीएलसीचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, प्रोग्रॅम लिहिताना डिझाइनच्या कागदावरचाच आकडा पायाला घेतला. स्क्रीनवर एक चौकट ठेवली, तिच्यावर लिहिलं "ड्रम स्पीड". आत टाकलेला आकडा तो ११.७ ने गुणत होता आणि आलेले हर्ट्झ व्हीएफडीला देत होता. हा ११.७ कुठून आला तेही पाहू : रेडियन प्रति सेकंदाचे आरपीएम करायला ९.५४९ आणि आरपीएमचे हर्ट्झ करायला ५० ÷ ४०.८. दोन्हींचा गुणाकार ११.७. म्हणजे २.८३ टाकले की ३३.१ हर्ट्झ. पहिल्या हंगामात इंजिनिअरने स्वतः येऊन २.८३ टाकलं, ड्रम सत्तावीसने फिरला, सगळे खूश. त्या चौकटीला नंतर कुणी हात लावला नाही.

पावसाळ्यात पॅनेल बंद पडून राहिलं, पीएलसीची बॅटरी उतरली आणि सेट केलेला आकडा पुसला गेला. हंगाम सुरू करताना स्क्रीनवर शून्य. काकांना विचारलं, किती टाकू? काका म्हणाले, सत्तावीस.

प्रोग्रॅमने २७ गुणिले ११.७ केलं, ३१६ हर्ट्झ आले. व्हीएफडीची कमाल मर्यादा ५० होती, म्हणून त्याने ५० दिले. स्क्रीनने तक्रार केली नाही, कारण चौकटीची मर्यादा शून्य ते पन्नास अशी ठेवलेली होती. ही पन्नास हर्ट्झच्या सवयीतून आली असणार. २७ हा आकडा या मर्यादेत व्यवस्थित बसतो. स्क्रीनवर "ड्रम स्पीड २७" असं दिसत होतं, काकांना हवं तेच. तेव्हा शंका घ्यायची तरी कुणी?

ड्रम पुऱ्या वेगाने फिरू लागला. हिशोबाने ४०.८ फेरे, म्हणजे ४.२७ रेडियन प्रति सेकंद. क्रिटिकल ४.०४ च्या वर. हळद जाळीला चिकटली आणि तशीच फिरत राहिली. घासणं नाही, पडणं नाही, म्हणून आवाजही नाही.

मोटार हलकी का झाली, हे मालकांना पटवणं जरा अवघड गेलं, पण या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. ड्रम नीट चालतो तेव्हा माल एका बाजूला चढलेला असतो. त्याचा गुरुत्वमध्य ड्रमच्या मध्यापासून, समजा, ३५ सेंटीमीटर बाजूला सरकलेला आहे. दीडशे किलो × ९.८१ × ०.३५ = सुमारे ५१५ न्यूटन-मीटरचा पीळ मोटारीला सतत द्यावा लागतो. माल भिंतीला सगळीकडे सारखा चिकटला की गुरुत्वमध्य बरोबर आसावर येतो. चढणाऱ्या बाजूला जेवढं वजन, उतरणाऱ्या बाजूलाही तेवढंच. पीळ जवळपास शून्य. मोटार फक्त बेअरिंग आणि चेनचं घर्षण सोसते. अँपिअर उतरले, कारण मोटार हळदीवर काही कामच करत नव्हती. मालकांना जी बचत वाटली ती खरं तर पॉलिश न होण्याची खूण होती.

पहिली दुरुस्ती, जी उलटी पडली

मी पोचण्याआधी पॅनेलवाल्या मुलाला बोलावलं होतं. ड्रम फार जोरात आहे हे त्याने डोळ्यांनीच ओळखलं. प्रोग्रॅम उघडला. त्यात त्या चौकटीशेजारी त्यानेच कधीतरी टीप लिहून ठेवली होती : "वेग, प्रति सेकंद". तो म्हणाला, हां, आपल्याला मिनिटाचे फेरे माहीत आहेत आणि याला सेकंदाचे हवेत. २७ ÷ ६० = ०.४५. टाकलं ०.४५.

भागाकार चोख होता. सेकंदाला ०.४५ फेरे हे मिनिटाला २७ फेऱ्यांइतकेच. पण प्रोग्रॅमला फेरे नको होते, रेडियन हवे होते आणि एका फेऱ्यात ६.२८ रेडियन असतात. ०.४५ × ६.२८ = २.८३ टाकायला हवं होतं. ते न टाकल्याने वेग सव्वासहापट कमी झाला : मिनिटाला ४.३ फेरे. कागदावर एका फेऱ्याला चौदा सेकंद, प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. हळद ड्रमच्या तळाशी आळसावल्यासारखी ओघळत राहिली. आणि मोटार ५.३ हर्ट्झवर पीळ देत राहिली. अशा मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट हळू तर पंखाही हळू, करंट मात्र पिळाच्या हिशोबाने चालूच. अंग तापलं आणि ओव्हरलोडने मोटार बंद पाडली. तेव्हा "मोटार गेली" अशी आवई उठली आणि कुणीतरी रिवाइंडिंगवाल्याला फोनही लावला. सुदैवाने तो दुसऱ्या कामात होता.

म्हणजे एकाच चौकटीत २७ टाकल्याने एक अनर्थ आणि ०.४५ टाकल्याने दुसरा. आणि तिन्ही आकडे, २७, ०.४५ आणि २.८३, एकाच वेगाचे.

तपासणी : घड्याळ आणि खडू

अशा वेळी मी स्क्रीनवर, ड्राइव्हवर किंवा कागदावर विश्वास ठेवत नाही. ड्रमच्या कडेवर खडूने एक जाड रेघ ओढली, सेटिंग पुन्हा सत्तावीसवर नेलं, रिकामा नको म्हणून नेहमीचा घाणा भरला आणि काकांना घड्याळ धरायला सांगितलं. वीस सेकंदांत चौदा फेरे. म्हणजे मिनिटाला ४२.

इथे इंजिनिअर मुलीने फोनवर योग्य शंका काढली. तिच्या हिशोबाने कमाल वेग ४०.८, मग ४२ कसे? याचं उत्तर स्लिपमध्ये आहे. चार पोलच्या मोटारीचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे घेतं. रोटर त्याच्या थोडा मागे राहतो. पुऱ्या भारावर १४४०, पण भार नसेल तर १४९० च्या आसपास. १४९० ÷ ३५.३ = ४२.२. हळद चिकटून मोटार जवळपास बिनभाराची झाली होती, म्हणून ड्रम प्लेटवरच्या हिशोबापेक्षा थोडा जास्तच पळत होता. अँपिअर उतरणं आणि दीड फेरा वाढणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं.

४२ आरपीएम म्हणजे ४.४० रेडियन प्रति सेकंद. वर्ग १९.४, गुणिले ०.६ = ११.६ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाच्या ९.८१ पेक्षा जास्त. मुद्दा सिद्ध झाला.

याच ओळीत ४.४० ऐवजी सरळ ४२ घातले असते तर? ४२ चा वर्ग १७६४, गुणिले ०.६ = १०५८. म्हणजे गुरुत्वाच्या १०८ पट. हळदीच्या ड्रममध्ये एवढं बल आलं तर जाळी कापडासारखी फाटेल. हे उत्तर डोळ्यांना लगेच खटकायला हवं. सांगलीत साखर कारखान्यांची कमी नाही. तिथल्या सेंट्रिफ्यूगलमध्ये एवढं आणि याहूनही मोठं बल खरोखर असतं. उदाहरण घ्या : १.२ मीटर व्यासाची बास्केट, मिनिटाला १२०० फेरे. कोनीय वेग १२५.७ रेडियन प्रति सेकंद, वर्ग करून ०.६ ने गुणलं की सुमारे ९४८०, गुरुत्वाच्या जवळपास ९६६ पट. म्हणूनच त्या यंत्रात मळी साखरेपासून सुटते. व्यास तोच, पण वेग २९ पट, म्हणून बल ८०० पटींच्या वर. वर्ग असल्यामुळे एककाची चूक इथे साधी राहत नाही, तीही वर्गात वाढते.

रेडियनशिवाय भागत नाही का?

मालकांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. सगळं जग आरपीएम म्हणतं, मग हे मध्येच काय?

कारण सूत्रं. कडेचा वेग = कोनीय वेग × त्रिज्या, हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे, कारण रेडियनची व्याख्याच ती : त्रिज्येएवढी लांबी परिघावर मोजली की जो कोन होतो तो एक रेडियन. तो ५७.३ अंशांचा असतो. आपल्या परंपरेला ही कल्पना अनोळखी नाही. आर्यभटाच्या ज्या-कोष्टकात (साइनच्या कोष्टकात) त्रिज्या ३४३८ कला धरलेली आहे, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्ण वर्तुळाच्या २१६०० कला, त्यांना २π ने भागलं की ३४३७.७५. म्हणजे त्रिज्या आणि कोन दोन्ही एकाच मापाने मोजायची रीत. एका रेडियनच्या कला नेमक्या तेवढ्याच.

पॉवरचंही तसंच. पॉवर = पीळ × कोनीय वेग. या मोटारीचे ३७०० वॉट आणि १४४० आरपीएम म्हणजे १५०.८ रेडियन प्रति सेकंद. ३७०० ÷ १५०.८ = २४.५ न्यूटन-मीटर. गिअर आणि चेननंतर ड्रमवर ३५.३ पट, म्हणजे घर्षण सोडून सुमारे ८६५. आपल्याला लागतात ५१५. मोटार पुरेशी आहे. कुणी ३७०० ला थेट १४४० ने भागलं तर २.५७ येईल आणि मोटार फारच कमी पडते असं वाटून दहापट मोठी मागवली जाईल. अशी मागवलेली मोटार नंतर कोपऱ्यात पडलेली मी पाहिली आहे.

एककं बदलायची रीत मी तिथे पॅनेलच्या दारावरच मार्करने लिहून दिली. एक फेरा = ३६० अंश = ६.२८३२ रेडियन. त्यामुळे १ आरपीएम = सेकंदाला ६ अंश = ०.१०४७२ रेडियन प्रति सेकंद. सेकंदाला एक फेरा = ६० आरपीएम. उलट दिशेने, १ रेडियन प्रति सेकंद = ९.५५ आरपीएम. तोंडी करायचं तर रेडियनची दहापट करा आणि त्यातून साडेचार टक्के काढा : २.८३ चे २८.३, त्यातून १.३ गेले, सत्तावीस. (६ अंशांचा आकडा लक्षात राहायला पंचांगवाल्यांना सोपा आहे. दिवसाच्या साठ घटका, म्हणून पृथ्वीही घटकेला सहा अंशच फिरते.)

एवढी साधी चूक कुणाला दिसली कशी नाही

या प्रकरणात मला खरं सांगायचं आहे ते इथे. किलो आणि लिटर यांची गल्लत झाली तर कागदावर पकडता येते, कारण वस्तुमान आणि आकारमान यांच्या मिती वेगळ्या. शाळेत शिकवलेली मितीची तपासणी केली की दोन्ही बाजू जुळत नाहीत. कोनीय वेगात ही सोय नाही. रेडियन म्हणजे लांबी भागिले लांबी, त्याला मितीच नाही. एसआय पद्धतीत १९६० पासून त्याला पूरक एकक असा वेगळा कप्पा होता. १९९५ साली तो कप्पाच रद्द झाला आणि रेडियन मितीहीन साधित एककांत गेला. परिणाम असा की रेडियन प्रति सेकंद, फेरे प्रति सेकंद आणि हर्ट्झ, तिघांचीही मिती एकच : भागिले सेकंद. "प्रति सेकंद" एवढीच टीप लिहिली तर ती तिघांनाही लागू पडते आणि कुणालाच चूक ठरवत नाही. पॅनेलवाल्या मुलाची टीप याच अर्थाने खोटी नव्हती. ती अपुरी होती आणि तेवढ्याने मोटार तापली. हर्ट्झ हे एकक आवर्ती घटनांसाठीच वापरा आणि कोनीय वेग रेडियन प्रति सेकंदातच लिहा, असं एसआयचं मार्गदर्शन मुद्दाम सांगतं, ते यासाठीच.

इथे तर एकाच पॅनेलवर तीन "प्रति सेकंद" होते. व्हीएफडीच्या डिस्प्लेवर मोटारीला जाणाऱ्या विजेचे हर्ट्झ. प्रोग्रॅमच्या पोटात ड्रमचे रेडियन. आणि मुलाच्या डोक्यात ड्रमचे फेरे. शिवाय वीज, मोटार आणि ड्रम हे तीन वेगळे शाफ्ट म्हणावेत असे. ३३ हर्ट्झ म्हणजे ड्रम सेकंदाला ३३ फेरे घेतोय, असं काकांच्या पुतण्याला खरंच वाटत होतं. त्याला हसण्यात अर्थ नाही, डिस्प्लेवर तसं नाही हे कुठे लिहिलेलं होतं?

खराब झालेल्या मालाचा खर्च कुणी सोसायचा, यावर थोडी वादावादी झाली. मालकांचा रोख पॅनेलवर, पॅनेलवाल्याचा डिझाइनवर. माझं मत विचारलं तेव्हा मी सांगितलं की एकक न लिहिणारा कागद आणि एकक न विचारणारा प्रोग्रॅम यांचा वाटा निम्मा-निम्मा, पण शून्य ते पन्नास ही मर्यादा ज्याने ठेवली त्याचा वाटा जरा जास्त. मर्यादा शून्य ते तीन-साडेतीन असती तर २७ टाकताक्षणी स्क्रीनने नकार दिला असता आणि काकांनी हाक मारली असती. हळद वाया गेली नव्हती हे बरं झालं. मळकट घाणे पुन्हा फिरवून घेता आले, मजुरी आणि वीज तेवढी दुप्पट पडली.

काय बदललं

रेडियन स्क्रीनवरून हटवले. ते सूत्रात असोत, माणसासमोर नकोत. चौकटीवर आता "ड्रम फेरे, मिनिटाला" असं लिहिलं आहे. तिची मर्यादा ५ ते ३२ आहे. ३२ हे क्रिटिकलच्या ३८.६ च्या ८३ टक्के, त्यावर जाण्याचं कारणच नाही. खाली पाचची मर्यादा रिकामा ड्रम हळू फिरवून जाळी तपासायला. भरलेल्या ड्रमवर वीसच्या खाली फार वेळ चालवू नये, मोटार तापते, हे काकांना तोंडी सांगितलं आहे. आकड्याचे हर्ट्झ करणारा गुणक १.२२५ प्रोग्रॅममध्ये एकाच जागी आहे आणि शेजारी त्याची फोड : ५० ÷ ४०.८. कधी स्प्रॉकेट बदलला तर तिथेच हात घालायचा. व्हीएफडीची कमाल मर्यादाही ५० वरून ४० हर्ट्झवर आणली, म्हणजे प्रोग्रॅम चुकला तरी ड्रम ३४ च्या पलीकडे जाणार नाही. बॅटरी बदलली. आकडा पुसलाच तर पीएलसी आता शून्याऐवजी स्वतःहून २७ घेतो.

चाचणीला २७ टाकले, व्हीएफडीने ३३.१ हर्ट्झ दाखवले, खडूची रेघ वीस सेकंदांत नऊ वेळा वर आली. खळखळाट सुरू झाला तसे काका घड्याळ परत देऊन भुकटीचा पत्रा ओढायला गेले. अँपिअर वाढले आणि मालकांनी ते या वेळी आनंदाने मान्य केलं.

शेलमची बारीक हळकुंडं आली की काका आता पंचविसावर आणतात, जास्त ठेवलं तर कणी फार पडते असं त्यांचं म्हणणं. २५ म्हणजे क्रिटिकलच्या ६५ टक्के, बॉल मिलच्या पट्ट्याचं खालचं टोक. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, असंल.

एक गोष्ट अजून राहिली होती. स्क्रीनवरचा आकडा हा हुकूम आहे, मोजमाप नाही. चेन घसरली किंवा स्लिप वाढली तरी तिथे २७ च दिसणार. त्यासाठी ड्रमच्या शाफ्टजवळ एक प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवायचं ठरलं. पॅनेलवाला एकच बोल्ट लावून पल्स मोजणार होता. पण सत्तावीस फेऱ्यांना दोन पल्समध्ये सव्वादोन सेकंद जातात आणि वेग काढायला पुन्हा भागाकार आला. त्याऐवजी फ्लँजवर साठ-साठ अंशांवर सहा बोल्ट लावले. सहा बोल्ट आणि दहा सेकंद, म्हणजे साठ, आणि मिनिटाचे सेकंदही साठच. दहा सेकंदांत जितके पल्स, तितकेच मिनिटाला फेरे. कुठलाही गुणक नाही. सेन्सरवरचा लाल दिवा उघड्यावर आहे, स्क्रीन बंद पडली तरी काका घड्याळ लावून तो मोजू शकतात.